कुंडलिकेचें पाणी

वैशाखांतील एका सकाळीं आम्ही कोलाडपासून कांहीं मैल वर, भिऱ्याच्या वाटेवर, कुंडलिकेच्या पात्रांत एका खडकावर बसलों होतों. पात्रांत दगडगोटेच फार, पाणी बेताचें. दोन बायका धुणें धूत होत्या व त्यांचीं मुलें घोटाभर पाण्यांत मासे हुडकीत होतीं. आकाशांत ढगाचा ठिपकाही नव्हता. इतक्यांत कांठावरून एका वृद्ध गृहस्थांनीं हांक दिली, "अहो, वर या. पाणी सुटायची वेळ झाली." या म्हणण्याचा अर्थ आम्हांस नीट उमगला नाहीं, परंतु बायकांनीं धुणें आवरलें, मुलांस दंडाला धरून ओढलें, तें पाहून आम्हीही उठलों. पाहतां पाहतां तो खडक दिसेनासा झाला, आणि जी नदी पहाटे ओहोळासारखी होती ती दोन्ही कांठ धरून, हिरवीगार व थंड, श्रावणांतल्या आवेशानें धांवूं लागली.

एवढें पाणी आलें कोठून, असें विचारतां ते गृहस्थ म्हणाले, "वीजघरांतून. आमच्या नदीचं स्वतःचं पाणी म्हणाल तर होळीपर्यंत. पुढचं सगळं मुळशीचं."

मुळशी घाटावर आहे. तेथील मुळा नदी पुण्यास मुठेला मिळते, पुढें भीमेला, भीमा कृष्णेला, आणि तें पाणी सारें दक्षिणापथ ओलांडून पूर्वसमुद्रास जातें. निदान निसर्गाची योजना तशी होती. तेंच पाणी वैशाखांत कोंकणांतल्या एका लहानशा नदींतून पश्चिमसमुद्राकडे धांवतांना आम्ही पाहत होतों. कुंडलिकेविषयीं आमचें जें कांहीं वाचन होतें तें सारें तिच्या मुखाशीं असलेल्या चौल-रेवदंड्याचें. त्या वाचनांत या पाण्याचा उल्लेख कोठेंही नव्हता. हा लेख लिहिण्यास तेवढेंच निमित्त झालें.

कुंडलिका ही फार लहान नदी. भिऱ्याच्या वरच्या अंगास सह्याद्रीच्या कुशींत ती उगम पावते, कोलाडावरून रोह्यास येते, तेथून पुढें खाडी होते आणि उत्तरेस रेवदंडा व दक्षिणेस कोर्लईचा डोंगर यांच्यामधून समुद्रास मिळते. उगमापासून मुखापर्यंत पन्नास मैलही भरावयाचे नाहींत. गोदा-कृष्णांप्रमाणें हिचें माहात्म्य कोणी गाइलें नाहीं, हिच्या कांठीं कुंभमेळा भरत नाहीं. कोंकणच्या बहुतेक नद्यांची हीच कथा: डोंगरावरून उडी घेतात आणि जरा कोठें संथ व्हावें तों समुद्र आडवा येतो. त्यांतही कुंडलिकेचा अर्धा भाग समुद्राचाच म्हणावयास हवा, कारण भरतीचें पाणी रोह्याच्या आसपासपर्यंत चढतें. तेव्हां हिची जी प्रसिद्धि झाली ती लांबीमुळें नव्हे, पाण्यामुळेंही नव्हे. तर जेथें हिचें नदीपण संपतें त्या जागेमुळें झाली.

ती जागा म्हणजे चौल. रोमन अमदानींतील एका ग्रीक नावाड्यानें पहिल्या शतकांत लिहिलेल्या पेरिप्लस नामक ग्रंथांत कल्याणच्या खालोखाल 'सेमुल्ला' हें बंदर येतें. दुसऱ्या शतकांत टॉलेमी त्यास 'सिमुल्ल' म्हणतो. आणि आमच्याच कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांच्या गांवांमध्यें 'चेमुल' हें नांव कोरलेलें आहे. हीं तिन्ही नांवें चौलचींच, असें विद्वान् मानतात. या शतकाच्या आरंभीं डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं चौलास उत्खनन केलें, तेव्हां सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष व रोमन मद्यकुंभांचीं खापरें सांपडलीं. आज जेथें नारळी-पोफळींच्या वाड्यांना पाटाचें पाणी फिरतें, तेथें दोन हजार वर्षांपूर्वीं भूमध्यसमुद्राकडचें मद्य उतरत होतें, हें त्या वाड्यांतून हिंडतांना खरें वाटत नाहीं.

पुढें अरब येतात. त्यांच्या ग्रंथांतील 'सैमूर' तें हेंच. इ. स. ९१५-१६ च्या सुमारास मसूदी हा प्रवासी येथें येऊन गेला. त्या वेळीं या किनाऱ्यावर शिलाहारांचा झंझ राजा राज्य करीत होता व तो मान्यखेटच्या राष्ट्रकूटांचा मांडलिक होता. राष्ट्रकूटांच्या 'वल्लभराज' या बिरुदाचें अरबांच्या तोंडीं 'बल्हरा' झालें. मसूदी सांगतो कीं सैमूरांत सुमारें दहा हजार मुसलमानांची वस्ती आहे. त्यांत सीराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले आहेत आणि येथेंच जन्मलेलेही आहेत. त्यांचे तंटे तोडण्यास त्यांच्यांतीलच एक मुख्य राजानें नेमलेला आहे. दहा हजार हा आंकडा प्रवाशाचा आहे, मोजणीदाराचा नव्हे, हें ध्यानांत घेऊनही शिलाहारांच्या या कारभाराचें आम्हांस कौतुक वाटतें. परक्या व्यापाऱ्यांस त्यांच्याच रीतीनें नांदूं द्यावें, जकात मात्र चोख घ्यावी, हें शहाणपण त्या छोट्या राजांना होतें.

मसूदीनंतर साडेपांचशें वर्षांनीं एक अगदीं वेगळा पाहुणा येथें उतरला. अफानासी निकीतिन हा रशियांतील त्वेर शहरचा व्यापारी १४६९ च्या सुमारास (कोणी हा काळ दोन वर्षें पुढें नेतात) होर्मूझहून एक घोडा घेऊन चौलास आला. येथील माणसें कमरेवर उघडीं असतात, डोकीवर कांहीं घेत नाहींत आणि आपण जिकडे जावें तिकडे गोरा माणूस पाहण्यास गर्दी लोटते, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. पुढें जुन्नरास तेथील खानानें त्याचा घोडा हिरावला व मुसलमान हो म्हणून त्यास अडविलें. एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीनें तो सुटला. चौलाहून पालीस जाण्यास आपणांस आठ दिवस लागले असें तो सांगतो. ही पाली आपल्या बल्लाळेश्वराची असेल तर इतक्या जवळच्या वाटेस आठ दिवस कसे लागले, हें पंडितांनीं ठरवावें. आम्हांस तर वाटतें कीं तो घोडाच वाटेंत हटून बसला असावा. रेवदंड्यास शाळेच्या आवारांत २००२ सालीं उभारलेला त्याचा स्मारकस्तंभ आहे. गांवांतल्या मुलांना त्याचें नांव ठाऊक आहे, ही मोठी समाधानाची गोष्ट.

या बंदराचा व्यापार कसा चाले याचें उत्तम चित्र सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीजानें काढिलें आहे. चौलास बारमाही वस्ती थोडी. परंतु डिसेंबरापासून मार्चापर्यंत घाटावरून बैलांचे तांडे उतरत. बैलांच्या पाठीवर गोण्या, एकेका हांक्यापुढें वीस-तीस बैल. माणसें गांवाबाहेर तळ देत, आणि त्या चार महिन्यांत तेथें जत्रेसारखी पेठ भरे. कापड, गहूं, तांदूळ, तीळ खालीं येत. तांबें, पारा, हिंगूळ वर जात. म्हणजे चौलचें ऐश्वर्य समुद्रावरून येई असें दिसलें तरी तें तोलून धरलें होतें घाट उतरणाऱ्या बैलांनीं. वरच्या मुलखाशीं खालच्या मुखाचा हा जो संबंध, तो इतिहासकार बहुधा एका वाक्यांत उरकतात. पुढें मुळशीकडे वळूं तेव्हां वाचकांस त्याची आठवण ठेवावी लागेल.

आतां त्या प्रसंगाकडे येऊं, ज्याच्यामुळें या नदीचें मुख युरोपच्या काव्यांतही जाऊन बसलें.

इ. स. १५०८ च्या मार्चांत पोर्तुगीजांचा पहिला व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द आल्मैद याचा मुलगा लोरेंसु कांहीं लढाऊ गलबतें घेऊन कुंडलिकेच्या मुखांत नांगरून पडला होता. कोचीनच्या व्यापारी तारवांना सोबत करणें हें त्याचें काम. पोर्तुगीजांनीं अरबी समुद्रावर आपली सत्ता गाजविण्यास नुकताच आरंभ केला होता, आणि तांबड्या समुद्राचा जुना व्यापार बुडूं लागल्यामुळें मिसरच्या मामलुक सुलतानानें अमीर हुसेनच्या हाताखालीं एक आरमार हिंदुस्थानाकडे धाडलें होतें. तें आरमार नदीच्या तोंडाशीं दिसलें तेव्हां लोरेंसुच्या लोकांस वाटलें कीं आपला आल्बुकेर्कच आला. ते निर्धास्त राहिले. चूक उमगली तेव्हां तोफा सुरू झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशीं दीवचा सुभेदार मलिक अयाज आपलीं हलकीं गलबतें घेऊन हुसेनच्या मदतीस आला, आणि पारडें फिरलें.

रात्रीं निसटून खुल्या समुद्रांत जावें असें पोर्तुगीजांनीं ठरविलें. इतर तारवें निघालींही. पण लोरेंसुच्या जहाजास पाण्याखालीं गोळा लागून आंत पाणी शिरूं लागलें, तें जड होऊन ओढीबरोबर भलतीकडे सरकलें आणि नदींत कोळ्यांनीं जाळीं लावण्यास पुरलेल्या खुंटांत जाऊन अडकलें. दुसऱ्या गलबतानें दोर बांधून ओढून पाहिलें. जहाज हललें नाहीं. शत्रु जवळ येत चालला तसा तो दोरही गेला. लोरेंसुच्या मांडीला गोळी लागली असतां त्यानें डोलकाठीच्या पायथ्याशीं बसून लढाई चालविली, व दुसऱ्या गोळीनें तेथेंच तो पडला. जहाज बुडालें. जे मोजके लोक वांचले त्यांस मलिक अयाजानें दीवास नेऊन चांगलें वागविलें आणि मुलाच्या शौर्याची प्रशंसा करणारें पत्र बापास धाडलें. बापानें पुढील वर्षीं, १५०९ च्या फेब्रुवारींत, दीवच्या लढाईंत सूड उगविला. आणि त्या लढाईपासून पश्चिमसमुद्र पोर्तुगीजांचा झाला, हें सर्वश्रुत आहे. कामॉइश कवीनें आपल्या महाकाव्यांत लोरेंसुस अमर केलें.

त्या खुंटांविषयीं मात्र कोणी कांहीं बोलत नाहीं. ओहोटीच्या वेळीं रेवदंड्याच्या किनाऱ्यावर उभें राहिलें कीं खाडीच्या तोंडाशीं डोलीचे खुंट आजही दिसतात. भरती-ओहोटीच्या ओढीसमोर पिशवीसारखें जाळें धरून ठेवावयाचें तर खुंट बळकट हवा, खोल रुतलेला हवा, आणि पाण्याची ओढ जेथें नेमकी लागते तेथेंच तो हवा. ही जागा कोणती, हें नदी किती जाणते आणि कोळी किती जाणतो यांवर ठरतें. मिसरच्या सुलतानास, पोर्तुगालच्या राजास व दीवच्या सुभेदारास जें साधावयाचें होतें त्याच्याशीं त्या कोळ्यांचा कांहींएक संबंध नव्हता. त्यांस बोंबील व कोळंबी हवी होती. तरीही ज्या खुंटानें व्हाइसरॉयच्या मुलाचें जहाज धरून ठेविलें तो त्यांनीं रोवलेला होता. या नदीच्या इतिहासांत तिच्याच माणसांचा हात असा क्वचित् दिसतो, आणि दिसतो तोही पाण्याखालीं.

पुढील सव्वादोनशें वर्षांची कथा वाचकांस ठाऊक असल्यामुळें ती आम्ही भरभर सांगतों. १५१६ सालीं पोर्तुगीजांनीं येथें वखार घातली. १५२१ सालीं अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाच्या परवानगीनें रेवदंड्यास किल्ला बांधण्यास आरंभ केला. वरचें चौल निजामशाहीचें, खालचें पोर्तुगीजांचें, मध्यें कांहीं थोडें अंतर; असा एका गांवांत दोन राज्यांचा संसार सुरू झाला. १५७० सालीं मुर्तजा निजामशाहानें चौलास व अली आदिलशाहानें गोव्यास एकाच वेळीं वेढा घातला. चौलचा वेढा कित्येक महिने चालला, तटाबाहेरचे मठ व घरें जमीनदोस्त झालीं, आणि १५७१ त तह होऊन निजामशाहा परत फिरला. पुढें निजामशाहीनें खाडीच्या दुसऱ्या बाजूस कोर्लईच्या डोंगरावर किल्ला उभारून रेवदंड्याची कोंडी करूं पाहिली. १५९४ त पोर्तुगीजांनीं तोही घेतला. दरवाजांत एक जखमी हत्ती पडल्यामुळें दार लावतां आलें नाहीं व शत्रु आंत शिरला, असें त्या लढाईचें वर्णन आहे. १६८३ त संभाजी महाराजांनीं रेवदंड्यास वेढा दिला, तो तडीस गेला नाहीं. १७३९ त वसई पडली, आणि तिच्यामागोमाग १७४० च्या तहानें चौल व कोर्लई मराठ्यांच्या हवालीं झाले. आज रेवदंड्याच्या तटाच्या आंत सुपारीच्या वाड्या आहेत आणि फ्रान्सिस्कन चर्चचा उंच मनोरा 'सातखणी' या नांवानें त्यांच्या वर डोकावतो. सात खण आतां राहिले नाहींत, नांव राहिलें आहे.

यांतली एकच गोष्ट आम्ही अंमळ सावकाश सांगूं. १७४० त पोर्तुगीज अधिकारी, शिपाई, पाद्री निघून गेले. पण कोर्लईच्या पायथ्याची ख्रिस्ती वस्ती कोठें जाणार? ती गरीब शेतकऱ्यांची व राबणाऱ्यांची होती. त्यांना गोव्यांत कोणी बोलावलें नव्हतें. ते तेथेंच राहिले, आणि त्यांच्याबरोबर त्यांची बोली राहिली. शब्द पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण मराठीसारखी, क्रियापद शेवटीं. बोलणारे तिला 'नो लिंग' म्हणजे 'आमची भाषा' म्हणतात. क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानें तिजवर १९९६ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. बोलणारीं माणसें सुमारें हजार. अडीचशेंहून अधिक वर्षें चोहोंकडे मराठी असतां ही बोली त्या एका पाखाडींत टिकली, हें आम्हांस सातखणीच्या मनोऱ्यापेक्षांही अधिक आश्चर्याचें वाटतें. मनोऱ्यास चुना होता. हिला केवळ आया होत्या.

चौल बुडालें तें मराठ्यांनीं घेतलें म्हणून नव्हे. तें त्याच्या आधींच उतरणीस लागलें होतें. सुरत व मागाहून मुंबई यांनीं व्यापार ओढून घेतला, मोठ्या जहाजांना खोल पाणी हवें झालें, आणि कुंडलिका दर पावसाळ्यांत डोंगराची माती आणून आपलें तोंड आपणच बुजवीत राहिली. कोंकणच्या बंदरांस नद्यांनींच जन्म दिला व नद्यांनींच मारलें. तरी लहान मचवे पुष्कळ वर्षें भरतीबरोबर रोह्यापर्यंत येत व भात घेऊन मुंबईस जात. वर उत्तरेस अवचितगड या वाहतुकीवर डोळा ठेवून उभा असे. रोहें हें गांव त्या भाताच्या पेठेनें वाढलें. या मधल्या भागाचा इतिहास शांत आहे, म्हणून तो कोणी लिहिला नाहीं. आम्हीही लिहीत नाहीं.

येथवर आमची बखर मुखाकडून वर सरकत आली. आतां माथ्याकडे जावयाचें.

मुळा व नीला या नद्यांच्या खोऱ्यांत, मुळशी पेट्यांत, धरण बांधून तें पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून पश्चिमेस सोडावें, आणि त्याच्या सुमारें सोळाशें फुटांच्या उतारावर वीज काढून ती मुंबईच्या गिरण्यांस द्यावी, अशी योजना टाटांच्या कंपनीनें आंखली. यंत्रशास्त्राच्या दृष्टीनें ही कल्पना मोठी सुरेख होती, यांत शंका नाहीं. देशावरच्या नदीला कड्याचा लाभ नसतो, कोंकणच्या नदीला सांठ्याचा नसतो. एकीचा सांठा व दुसरीचा कडा यांची गांठ घातली कीं काम झालें. परंतु त्या खोऱ्यांत गांवें होतीं. सुमारें बावन्न गांवें आणि अकरा हजारांच्या आसपास माणसें पाण्याखालीं अथवा वाऱ्यावर जाणार होतीं. जमीन भाताची, आंबेमोहोराची, पिढ्यान् पिढ्या कसलेली.

१९२१ च्या रामनवमीस, १६ एप्रिल रोजीं, मावळ्यांनीं धरणाच्या कामावर सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट व विनायकराव भुस्कुटे हे पुढारी होते. बापटांस 'सेनापति' ही पदवी याच लढ्यानें दिली. बायकामुलें येऊन खणलेल्या जागीं बसत. मजुरांस काम थांबवावें लागे. सरकारनें भूसंपादनाचा कायदा लावला, तुरुंग भरले. परंतु लढा आंतून पोंखरला तो दुसऱ्याच कारणानें. त्या खोऱ्यांतील पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेली किंवा त्यांच्याच मालकीची झालेली होती. जमीन बुडाल्यास मोबदला मिळणार होता त्यांना. जमिनीवांचून मरणार होता तो कसणारा मावळा. पांढरपेशा वर्गांतील कित्येकांनीं प्रारंभीं टाळ्या दिल्या व भावाची बोलणी सुरू झाल्यावर हळूच पाय मागें घेतला. आमच्याच वर्गाविषयीं हें लिहितांना आम्हांस आनंद होत नाहीं. राजेंद्र व्होरा यांनीं या लढ्याचा जो बारकाईचा अभ्यास केला आहे त्यांत हें सारें सविस्तर आलें आहे, आणि प्रत्येक सुशिक्षित मराठी कुटुंबानें तें वाचावें अशी आमची विनंति आहे. १९२४ च्या अखेरीस बापटांनीं धरणाच्या कामावरील आगगाडी अडविली, त्याबद्दल त्यांस सात वर्षांची शिक्षा झाली. तोंवर लढा विझत आला होता. धरण पुरें झालें. १९२७ सालीं भिऱ्याचें वीजघर चालूं झालें, आणि मुळेचें पाणी पहिल्यानें कुंडलिकेंत पडलें.

त्या दिवसापासून कुंडलिका ही निराळी नदी झाली. भिऱ्याच्या वीजघरांतून निघालेल्या पाण्यावर खालीं सरकारी वीजघर पुन्हा वीज काढतें. पुढें कोलाडजवळ डोळवहाळच्या बंधाऱ्यावर तेंच पाणी अडवून दोन्ही अंगांस कालवे काढिले आहेत. त्यांवर रोहें-माणगांवकडील शेतकरी उन्हाळी भात काढतो. ज्या कोंकणांत शिमग्यानंतर विहिरीचा तळ दिसतो, तेथें हा केवढा लाभ! नदीच्या ओढीवर होड्या सोडून शहरांतील तरुण मंडळी मौज करतात, तीही वीजघराच्या वेळापत्रकाप्रमाणें. आणि रोह्याजवळ धाटावास रसायनांचे कारखाने उभे राहिले, त्यांस बारमाही पाण्याची नदी हवीच होती.

या शेवटल्या गोष्टीचा हिशेब मात्र पुन्हा मुखाशीं चुकवावा लागला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०१८ सालीं देशांतील ३५१ दूषित नदीपट्ट्यांची यादी केली. तींत महाराष्ट्राचे ५३ होते, आणि त्यांत आरे खुर्द ते साळाव हा कुंडलिकेचा पट्टा होता. आरे खुर्द रोह्याच्या खालीं, साळाव रेवदंड्यासमोर. म्हणजे जेवढी खाडी कोळ्यांची, नेमकी तेवढीच. रेवदंड्याच्या एका कोळणीस आम्हीं सहज विचारलें, जाळ्यास काय लागतें? ती म्हणाली, "दादा, जालं टाकायचं तं टाकतंव. खाडीनं पयल्यासारखी मासली नाय." आम्ही मासळीच्या टोपलीकडे पाहिलें, आणि अधिक कांहीं विचारलें नाहीं.

अलीकडे पुण्या-सोलापुराकडून मागणी होऊं लागली आहे कीं घाटावरचें जें पाणी वीज काढून समुद्राकडे सोडलें जातें तें पुन्हा पूर्वेस, भीमेच्या खोऱ्यांत द्यावें. दुष्काळी मुलखास तें हवें आहे. या मागणींत न्याय नाहीं असें कोण म्हणेल? तें पाणी मूळचें भीमेचेंच. परंतु जवळजवळ शंभर वर्षें तें कुंडलिकेंतून वाहिलें, आणि त्यावर खालीं दुसरें एक जग उभें राहिलें. कुंडलिकाकांठच्या शेतकऱ्यानें तें मागितलें नव्हतें, मुळशीच्या शेतकऱ्यानें तें दिलें नव्हतें. एकाचें विचारल्यावांचून नेलें, दुसऱ्यास विचारल्यावांचून दिलें; आतां तिसऱ्यासाठीं तें परत घ्यावयाचें तर निदान या वेळीं दोघांसही विचारावें, एवढेंच आमचें म्हणणें आहे. आणि मुळशीच्या ज्या कुळांच्या जमिनी गेल्या त्यांचीं नातवंडें-पतवंडें त्याच जलाशयाच्या कांठीं उन्हाळ्यांत पाण्यासाठीं वणवणत असतील, तर चर्चा पुण्या-सोलापुरापासून नव्हे, तेथूनच सुरू व्हावयास पाहिजे.

चौलच्या इतिहासांत मुळशीचें काय काम, असें कोणी इतिहासभक्त विचारतील. त्यांना बार्बोसाच्या बैलांची आठवण करून द्यावीशी वाटते. घाटावरून जें खालीं येतें त्यावर या नदीचें मुख पूर्वींही जगत होतें. तेव्हां गोण्या येत आणि त्यांच्या बदल्यांत कांहीं वर जाई. आतां पाणी येतें. वर काय गेलें, तें मुळशीकरांस विचारावें.

रेवदंड्याहून परततांना आम्ही पुन्हा त्याच जागीं थांबलों. संध्याकाळ झाली होती, वीजघराचें पाणी केव्हांच बंद झालें होतें. आमचा सकाळचा खडक पुन्हा वर आला होता, ओला, शेवाळलेला. तींच मुलें खांचांत अडकलेले मासे टोपलींत गोळा करीत होतीं. उद्यां पाणी किती वाजतां सुटणार, असें आम्हीं विचारलें. सर्वांत लहानग्यानें मान वर न करतांच वेळ सांगितली.